स्कायडायव्हिंगचा कॅमेरा: आधी हेल्मेट, मग माउंट, कॅमेरा शेवटी

पुण्यात फोटोग्राफीच्या वेडाला तोटा नाही. पहाटे सिंहगडावर ट्रायपॉड लावणारे, भिगवणला फ्लेमिंगोंसाठी नावेत बसणारे, कामशेतला पॅराग्लायडिंग करताना व्हिडिओ काढणारे आपल्या ओळखीत असतातच. त्यातले काही जण हल्ली परदेशी जाऊन स्कायडायव्हिंगचा परवाना काढून येतात आणि थोड्या उड्या झाल्या की पहिला प्रश्न विचारतात, "कुठला कॅमेरा घेऊ?"

माझं उत्तर एकच असतं: कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या. जमिनीवर कॅमेरा ही हातातली वस्तू असते. उडी मारताना तो डोक्यावर बसवला की तुमच्या पॅराशूट यंत्रणेचा भाग होतो. पोटावर पडणारा माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येत असतो. तो पायलट शूट (मोठं पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट) सोडतो, मग ब्रायडल (त्याला जोडलेली पट्टी), मुख्य पॅराशूटची बॅग आणि लाइन्स (पॅराशूटच्या दोऱ्या) काही सेकंदांत पाठीवरून, खांद्यावरून, डोक्याजवळून वर जातात. त्या वाटेत अडकण्याजोगं काहीही असेल, तर फोटो किती चांगला आला याला अर्थ उरत नाही. म्हणून या लेखातला क्रम खरेदीच्या नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे.

सुरुवात कधी करायची

अमेरिकेतली यूएसपीए, म्हणजे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, कॅमेरा लावण्याआधी किमान २०० उड्या आणि सी परवाना (ए ते डी या चार पातळ्यांतला तिसरा) असावा असं सुचवते. त्यातल्या अलीकडच्या ५० उड्या तुम्ही कॅमेऱ्यासोबत वापरणार त्याच रिगवरच्या (पाठीवरच्या पॅराशूट संचावरच्या) असाव्यात, अशीही शिफारस आहे. जगभरातले बहुतेक ड्रॉपझोन (उड्या मारण्याची केंद्रं) हाच आकडा धरतात. "माझा कॅमेरा तर एवढासा आहे, तो चालू करून विसरून जाईन," हा युक्तिवाद तिथल्या सेफ्टी अधिकाऱ्यांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो. पण कॅमेरा विसरता येत नाही. लाल दिवा लागला का, फ्रेम बरोबर आहे का, मित्र समोर आहे का, या प्रत्येक विचारात उंचीकडे लक्ष देण्याचे एक-दोन सेकंद जातात, आणि फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्यात, एका सेकंदात सुमारे ५५ मीटर संपतात.

एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ८०० हून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक कॅमेरामन पॅराशूट न घालताच विमानातून बाहेर पडला. तो एका विद्यार्थ्याची उडी चित्रित करत होता. त्या काळी कॅमेरा हेल्मेटवर आणि रेकॉर्डर वेगळा अंगावर बांधलेला असे. अंगावर वजन होतं, पट्टे होते, आणि लक्ष सगळं चित्रीकरणावर होतं. ही घटना मी प्रत्येक नवख्याला सांगतो. अनुभवी माणसाचं लक्षसुद्धा कॅमेरा किती पूर्णपणे खाऊन टाकतो, हे याहून स्पष्टपणे दुसरं काही सांगत नाही.

पुण्यातून २०० उड्यांपर्यंत पोचायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. नियमित उड्यांसाठी हरियाणातलं नारनौल गाठावं लागतं किंवा थायलंड, दुबई, स्पेनच्या वाऱ्या कराव्या लागतात. हा काळ वाया जात नाही. हैदराबादला इनडोअर विंड टनेल, म्हणजे खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगण्याचं केंद्र, आहे. तिथे शरीर स्थिर ठेवणं, समोरच्याच्या पातळीवर राहणं आणि मान न हलवता नजर फिरवणं शिकता येतं. कॅमेरा फ्लायरचं (उडी मारून चित्रीकरण करणाऱ्याचं) निम्मं कौशल्य हेच असतं. खाली दिलेली जमिनीवरची सगळी तयारीही याच काळात घरी बसून होते.

टँडम उडी (इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन मारलेली) मारायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रवाशाने स्वतःचा कॅमेरा न्यायचा नसतो, मनगटावर नाही आणि सेल्फी स्टिकवर तर नाहीच. फोटो हवे असतील तर इन्स्ट्रक्टरच्या हातावरच्या कॅमेऱ्याचं किंवा वेगळ्या कॅमेरा फ्लायरचं पॅकेज घ्या.

काय टिपायचं आहे, ते आधी ठरवा

आपल्या मित्रांसोबतच्या उड्यांची आठवण हवी असेल तर एक छोटा ॲक्शन कॅमेरा पुरे. टँडम प्रवाशांचे व्हिडिओ आणि फोटो काढायचे असतील तर व्हिडिओसाठी एक आणि फोटोंसाठी एक असे दोन कॅमेरे लागतात. पहिलं वर्षभर फक्त एक ॲक्शन कॅमेरा वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा कॅमेरा आला की वजन दुप्पट होतं, केबल येतात आणि गुंतागुंत बरीच वाढते.

पहिली पायरी: हेल्मेट

टू-व्हीलरचं हेल्मेट इथे चालत नाही. ते रुंद असतं, खाली पाहताना हनुवटीजवळची नजर अडवतं आणि त्याच्या कडा लाइन्स अडकायला अगदी सोयीच्या असतात. कुकी, टॉनफ्लाय, बोनहेड या कंपन्यांची स्कायडायव्हिंगची हेल्मेट मिळतात. ती भारतात दुकानात जाऊन घालून बघता येत नाहीत, त्यामुळे माप अचूक हवं. शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांवरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हेल्मेट घट्टच हवं. घालून डोकं झटकन डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट डोक्यावर सरकलं तर फ्रेमही सरकणार.

हेल्मेट निवडताना मी सगळ्यात आधी कटअवे पाहतो. लाइन हेल्मेटमध्ये अडकलीच तर एका हाताने एक हँडल ओढून अख्खं हेल्मेट डोक्यावरून सुटलं पाहिजे. साध्या बकलाला हे जमत नाही, कारण ताण आलेलं बकल सुटायला तयार नसतं. कॅमेरा हेल्मेटला म्हणूनच चिन कप (हनुवटीवर बसणारी वाटी) आणि त्याला जोडलेला कटअवे असतो. वापरलेलं हेल्मेट घेणार असाल तर मित्राला ते वरच्या बाजूला जोरात ओढून धरायला सांगा आणि त्या ताणात कटअवे ओढून बघा. अडखळलं तर ते हेल्मेट घेऊ नका.

कानाजवळ ऑडिबल अल्टीमीटरसाठी खिसा असावा. कॅमेरा लावल्यावर मनगटाकडे पाहणं कमी होतं, म्हणून कानात उंची ओरडणारं यंत्र लागतंच. दोन्ही कानांत एकेक ठेवणारेही बरेच आहेत आणि मला ते योग्य वाटतं.

दुसरी पायरी: वजनाचा हिशोब

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि प्रत्येक वस्तू मोजा. ॲक्शन कॅमेरा साधारण १५५ ग्रॅमचा असतो. कॅनन १००डी बॅटरी आणि कार्डासह ४०७ ग्रॅम आहे. त्यावर १०-१८ मिमी लेन्स चढवली की आणखी २४० ग्रॅम वाढतात. हेल्मेट, कॅमेरा बसवायची प्लेट, साइट (नेम धरायची काच) आणि ऑडिबल धरून बेरीज सहज सव्वा ते दीड किलोवर जाते. कॅनोपी (पॅराशूटचं छत्र) उघडताना शरीरावर एरवीही ३ ते ४ जीचा झटका बसतो. म्हणजे दीड किलोचं हेल्मेट त्या क्षणी मानेला ५-६ किलोचं वाटतं, आणि उघडणं कडक झालं तर त्याहूनही जड. डोकं वाकडं असताना हा झटका बसला तर मान जायबंदी होते.

त्यामुळे कॅमेरा शक्य तितका कवटीला चिकटून आणि मध्यरेषेच्या जवळ बसवा. वर बसवला तर वजन दोन्ही बाजूंना सारखं पडतं, पण उंची वाढते. बाजूला बसवला तर उंची कमी राहते, पण मान एका बाजूला ओढली जाते आणि रायझर (लाइन्स खांद्याशी जोडणारा पट्टा) घासण्याचा धोका वाढतो. ॲक्शन कॅमेरा असेल तर मी कपाळाच्या वर, मध्यावर बसवायला सांगतो. छातीवरच्या पट्ट्याचा विचारही नको, कारण तिथे कटअवे (बिघडलेलं मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट सोडण्याचं) आणि रिझर्व्हची (राखीव पॅराशूटची) हँडल असतात.

नवीन हेल्मेट आलं की रोज थोडा वेळ घरात घालून वावरा. मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. ज्यांना सर्व्हायकलचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डोक्यावर वजन चढवू नये.

तिसरी पायरी: माउंट, आणि दोरीची परीक्षा

ॲक्शन कॅमेऱ्यासोबत खोक्यात येणारा उभा, बोटांसारख्या खाचांचा माउंट सायकलवर ठीक आहे. स्कायडायव्हिंगमध्ये त्याच्याखाली राहणारी फट हीच लाइन अडकण्याची जागा असते. हेल्मेटच्या वक्रतेला चिकटून बसणारा, कडा गोलाकार असलेला, खास स्कायडायव्हिंगसाठी बनवलेला माउंट घ्या.

तो बाहेरून मागवायचा नसेल तर पुण्यात थ्रीडी प्रिंट करून मिळतो. मात्र पीएलए प्लॅस्टिक घेऊ नका. ते सुमारे ६० अंशांना मऊ पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर एवढं तापमान होतं. पीईटीजी किंवा नायलॉन सांगा. मोठ्या कॅमेऱ्यासाठी ॲल्युमिनियमची प्लेट भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधून कापून घेता येते. प्रत्येक कोपरा कानशीने गोल करून घ्या.

चिकटवण्यासाठी थ्रीएमची व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत टेप) वापरा. हेल्मेटची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, टेप लावून दाबून धरा आणि मग ७२ तास त्याला हात लावू नका. २४ तासांत पकड बरीच येते, पण पूर्ण ताकद यायला साधारण तीन दिवस लागतात. शुक्रवारी रात्री चिकटवून शनिवारी उडी, असं करू नका. हवेत सुटलेला कॅमेरा खाली कुणाच्या तरी घरावर किंवा शेतात पडतो, आणि तिथे माणसं असतात. मोठा कॅमेरा टेपवर सोडायचा नाही, तो स्क्रूने बसवायचा. स्क्रूला थोडं निळं थ्रेडलॉकर लावलं की विमानाच्या थरथरीने तो सैल होत नाही. कॅमेरा पडू नये म्हणून दोरीने बांधून ठेवण्याचा मोह टाळा. सुटलेला पण दोरीला लोंबणारा कॅमेरा लाइन्समध्ये गुंतण्याचा धोका फार मोठा आहे.

आता दोरीची परीक्षा. यासाठी दोन मिलिमीटरची गुळगुळीत दोरी घ्या, रिगरकडे (पॅराशूटची देखभाल करणाऱ्याकडे) कॅनोपीची जुनी लाइन मिळाली तर उत्तम. त्यासोबत एक इंच रुंदीची कापडी पट्टी घ्या, ब्रायडल साधारण तशीच असते. हेल्मेट डोक्यावर घाला, कॅमेरा बसवा, चिन कप लावा. मित्राला मागे उभं करा. त्याने दोरी सैल धरून तुमच्या मानेपासून सुरुवात करावी आणि ती हेल्मेटवरून पुढे, मागे, डावीकडून उजवीकडे, तिरकी, प्रत्येक दिशेने ओढावी. दोरी कुठेही थबकली तर तिथे मार्करने खूण करा. मग पट्टीने पुन्हा तेच. बहुतेकांच्या हेल्मेटवर पहिल्या फेरीतच चार-पाच खुणा होतात: कॅमेऱ्याच्या मागची फट, बॅटरीच्या दाराची कड, केबलचा लूप, साइटचा दांडा, चिन कपची कड. फटीत फोम भरा, वर गॅफर टेपचा (कापडी चिकटपट्टीचा) गुळगुळीत उतार करा, केबल चिकटवून टाका. फोमचे कितीही प्रकार रविवार पेठेत मिळतात. खुणा संपेपर्यंत परीक्षा चालू ठेवा. दोरी कुठेच न थबकता सरकली, की माउंट तयार झाला. पुढे कॅमेरा, लेन्स किंवा टेप यातलं काहीही बदललं की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

चौथी पायरी: आता कॅमेरा

व्हिडिओसाठी गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा हा सोपा मार्ग. सोनीचा आरएक्स झीरो २०१७ मध्ये आला तेव्हा त्याचं वजन फक्त ११० ग्रॅम आणि सेन्सर एक इंचाचा होता, त्यामुळे कॅमेरा फ्लायर मंडळींमध्ये तो आवडता झाला. जुना पण चांगल्या स्थितीतला मिळाला तर आजही विचार करण्यासारखा आहे.

ॲक्शन कॅमेऱ्याचं सेटिंग मी असं ठेवतो: फोरके, सेकंदाला ६० फ्रेम. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ५५००के वर पक्का, नाहीतर विमानाच्या अंधाऱ्या पोटातून उन्हात बाहेर पडताना रंग डोळ्यांदेखत बदलतात. आयएसओची कमाल मर्यादा ४००. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी, म्हणजे ढगांचे पांढरे भाग जळत नाहीत. आवाजावर चालणारी आज्ञा बंद, स्क्रीन बंद, पुढचा लाल दिवा मात्र चालू. दिवा समोरच्या जंपरला दिसतो आणि तो अंगठा दाखवून रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगू शकतो.

विमान वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तळपत्या धावपट्टीवरच रेकॉर्डिंग सुरू केलं तर कॅमेरा तापून नेमका वर गेल्यावर बंद पडू शकतो. दहा हजार फुटांच्या आसपास सुरू करा. वर उलटी अडचण असते. हजार फुटांमागे तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे १३,००० फुटांवर जमिनीपेक्षा पंचवीसेक अंशांनी थंड, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. बॅटरी पूर्ण भरलेलीच लावा, "अर्धी आहे, चालेल" असं नको. दमट हवेच्या ठिकाणी थंड लेन्स खाली आली की काचेवर धुकं धरतं. तेव्हा बॅटरीचं दार लगेच उघडू नका, कॅमेरा कोमट होऊ द्या.

फोटोंसाठीचा कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल मोजण्यात वेळ घालवू नका. वजन कमी असावं आणि रिमोटचं छिद्र असावं, इतकं पाहा. कॅननच्या छोट्या डीएसएलआरना २.५ मिमीचा साधा जॅक लागतो, त्यामुळे दाताने दाबायचा स्विच जोडणं सोपं जातं. सोनीच्या ६००० मालिकेलाही तयार केबल मिळते. इलेक्ट्रिक झूमची लेन्स टाळा, कॅमेरा झोपला की ती आत जाते.

लेन्सचा हिशोब आकड्यात करून बघा. एपीएस-सी सेन्सरवर (छोट्या डीएसएलआरमध्ये असतो तो) १५ मिमी लेन्स दोन मीटर अंतरावरून साधारण तीन मीटर रुंदीची फ्रेम देते. हात पसरलेली टँडम जोडी त्यात आरामात मावते आणि भोवती आकाशही उरतं. १८ मिमीवर त्याच फ्रेमसाठी जवळजवळ अडीच मीटर दूर राहावं लागतं. नवख्याने अडीच मीटरवरच राहावं, म्हणून किट लेन्सचं १८ मिमी टोक सुरुवातीला छान. हूड लावू नका, ते अडकतं.

फोकस मॅन्युअल. ऑटोफोकस मध्येच क्षितिजावर जातो आणि तो क्षण परत मिळत नाही. १५ मिमी, एफ/८ वर फोकस दीड मीटरला ठेवला तर पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १८ मिमीसाठी हेच अंतर सुमारे २.१ मीटर. लेन्सवर अंतराच्या खुणा नसतील तर टेपने मोजून तेवढ्या अंतरावर पुस्तक ठेवा, ऑटोफोकसने त्यावर फोकस करा, मग मॅन्युअलला वळवा. झूम आणि फोकस दोन्ही रिंगांवर गॅफर टेप मारा. एसटीएमसारख्या काही लेन्समध्ये फोकस मोटरवर चालतो, रिंग नुसती सूचना देते. अशा लेन्सवर टेप पुरत नाही. कॅमेरा बंद-चालू केल्यावर फोकस तिथेच आहे का, हे दरवेळी फोटो काढून तपासा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, वाऱ्याच्या थरथरीत ते गोंधळतं.

शटर १/१०००, ॲपर्चर एफ/८, आयएसओ ऑटो आणि कमाल ८००. भर उन्हात या जोडीला आयएसओ २५० च्या आसपास येतो, त्यामुळे ढग आड आला तरी हाताशी जागा उरते. चमकत्या आकाशासमोर चेहरे काळे पडतात, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. छोट्या कॅमेऱ्यात रॉ फायली काढल्या तर बफर काही फोटोंतच भरतो आणि कॅमेरा नेमका एक्झिटला, म्हणजे विमानातून बाहेर पडताना, थांबतो. टँडमसाठी मोठ्या आकाराचे जेपेग काढा.

दाताचा स्विच आणि रिंग साइट

दोन्ही हात उडण्यासाठी मोकळे हवेत, म्हणून शटर तोंडाने दाबायचं. तयार स्विच परदेशातून मागवता येतो. घरी करायचा तर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात छोटा मायक्रोस्विच, २.५ मिमी जॅक, बारीक वायर आणि हीट श्रिंक नळी मिळते. कॅननच्या जॅकमध्ये टोक शटरचं, मधली रिंग फोकसची आणि बूड अर्थिंगचं. टोक आणि रिंग एकत्र जोडून स्विचमार्गे बुडाला न्या, म्हणजे एका चाव्यात फोटो निघतो. स्विचवर हीट श्रिंकचे दोन-तीन थर चढवा, लाळ आत गेली की तो आपोआप दाबला जातो.

केबलबाबत एक नियम कधीही मोडू नका: तिची दोन्ही टोकं हेल्मेटवरच राहिली पाहिजेत. सूटला किंवा रिगला जोडलेली एकही वायर नको. हेल्मेट कटअवे झालं तर ते मोकळं सुटलं पाहिजे.

रिंग साइट म्हणजे डोळ्यासमोरची छोटी काच, तिच्यावरची वर्तुळं एकात एक दिसली की लेन्स तिकडेच रोखलेली असते. आधी तुमचा प्रबळ डोळा शोधा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते, साइट त्याच्यासमोर.

मग भिंतीवर काळ्या टेपने फुली चिकटवा, डोळ्यांच्या उंचीवर. अडीच मीटर मागे उभे राहा. साइटमध्ये फुली मध्यभागी आणा, डोकं स्थिर ठेवा आणि स्विच चावा. फोटो पाहा: फुली वर असेल तर कॅमेरा थोडा वर करा, डावीकडे असेल तर डावीकडे वळवा. फुली मध्यावर येईपर्यंत हे करत राहा आणि मग स्क्रू पक्के करा. हे अडीच मीटरवरच करायचं, समोरच्या इमारतीकडे बघून नाही. लेन्स आणि डोळा यांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दूरच्या वस्तूवर जुळवलेली साइट जवळच्या माणसाचं डोकं कापते. शेवटी व्हिडिओ कॅमेराही त्याच फुलीवर जुळवा.

पाचवी पायरी: जमिनीवरचा सराव

आरशासमोर रिग आणि कॅमेरा हेल्मेट घालून उभे राहा. कटअवे आणि रिझर्व्हची हँडल दिसतात का? कॅमेरा हेल्मेटमध्ये खाली पाहण्याचा कोन बदलतो, तेव्हा हँडलकडे पाहणं, हात नेणं, ओढणं हा क्रम नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. त्यानंतर डोळे मिटून हेल्मेटचा कटअवे शोधायचा. हात पहिल्याच प्रयत्नात तिथे पडेपर्यंत थांबू नका.

निर्णयही जमिनीवरच घेऊन ठेवा. लाइन हेल्मेटला अडकली आणि कॅनोपी नीट उघडली नाही, तर आधी हेल्मेट सोडायचं, मग मेन कॅनोपी सोडायची, मग रिझर्व्ह. मानेला लाइन गुंडाळलेली असताना मेन सोडली तर काय होईल, हे इन्स्ट्रक्टरसोबत बसून बोला. हेल्मेटच्या किमतीचा विचार त्या वेळी डोक्यात येता कामा नये.

पंख असलेलं कॅमेरा जॅकेट घेणार असाल तर त्याचा पंख पायलट शूटच्या हँडलवर येत नाही ना, ते पाहा. मग एका वेळी एकच बदल: नव्या जॅकेटने काही उड्या, नंतर कॅमेऱ्याविना नवीन हेल्मेट, नंतर बंद कॅमेरा, आणि मग चालू.

उडीचा दिवस

रिगची तपासणी आधी. ती पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मग कार्ड, बॅटरी, लेन्स, टेप, स्विच आणि एक चाचणी फोटो. विमानात बसण्याआधी आणि उडी मारण्याआधी पुन्हा रिग: छातीचा पट्टा, पायाचे पट्टे, मेन सोडणाऱ्या तीन रिंगा, हँडल. टेकऑफच्या वेळी हेल्मेट डोक्यावर किंवा पक्कं बांधलेलं हवं, मोकळं ठेवलेलं दीड किलोचं हेल्मेट अपघातात दगडासारखं उडतं.

टँडम टिपताना जोडीच्या थेट वर राहू नका आणि थेट खालीही नको. वर असाल आणि त्यांची कॅनोपी उघडली तर तुम्ही तिच्यात जाऊन पडाल. खाली असाल तर तुमच्यामुळे तयार होणाऱ्या हवेच्या पोकळीत ते तुमच्या अंगावर येतील. समोर, थोडं बाजूला, त्यांच्या पातळीवर ही तुमची जागा.

कपड्यांकडे लक्ष असू द्या. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती. असा पोशाख टिपायची संधी आली तर सैल कापड नीट बांधलेलं आहे याची आधी खात्री करून घ्या आणि नेहमीपेक्षा एक मीटर जास्त अंतर ठेवा.

स्वतःची कॅनोपी उघडताना डोकं सरळ, नजर क्षितिजावर, खांदे समान. या काही सेकंदांत फ्रेम विसरा. वर लाइन्सकडे मान वाकवून शूट करण्याची हौस अनेकांच्या मानांना महागात पडली आहे. कॅनोपीखाली आल्यावर कॅमेऱ्याला हात न लावता उतरायचं.

प्रवास आणि देखभाल

सुटे लिथियम सेल विमानात हँडबॅगमध्येच न्यायचे, टोकांवर टेप लावून. परदेशी निघताना महागडा कॅमेरा आणि लेन्स कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना ड्युटीचा वाद होत नाही. प्रवास विम्यात स्कायडायव्हिंग वगळलेलं आहे का, ते कलम शोधून वाचा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा तिथून ये-जा करताना धावपट्टीचं चित्रीकरण टाळा.

दर काही महिन्यांनी व्हीएचबीची कड नखाने उचलून बघा. उचलली गेली तर टेप काढून नवी लावा. चिन कपची शिवण, कटअवेची केबल आणि स्विचवरचं हीट श्रिंक याच वेळी तपासा.

प्रत्येक दिवसाचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर घेतलं की आपले चांगले फोटो निवडण्याआधी कॅनोपी उघडतानाचा तुकडा मंद गतीने पाहा. क्षितिजाची रेषा त्या क्षणी तिरकी असेल तर डोकं वाकडं होतं. ती तिरकी का झाली, हे पुढच्या उडीआधी रिगर किंवा इन्स्ट्रक्टरला तोच तुकडा दाखवून विचारा.